उणे चौसष्ट

खांब लुमाच्या लाकडाचा.
नोल्बेर्तो म्हणाला, चिलोएच्या खाऱ्या वाऱ्यात
लोखंड चार हिवाळे टिकतं, लुमा माणसाहून जास्त.
आम्ही चौघांनी तो टेकडीवर नेला, खांद्यावरून,
कुणी गेल्यासारखे गप्प,
आणि वर पोचल्यावर उगाचच हसत सुटलो.

पेटी म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा.
परवापर्यंत त्यात धुरावलेले शिंपले होते.
वास गेला नाही अजून. रेडिओला नाक नसतं, नोल्बेर्तो म्हणाला.
वायरी खालून आत घ्यायच्या, वरून कधीच नाही,
आणि आत शिरण्याआधी प्रत्येकीला एक झोळ द्यायचा,
म्हणजे पाणी त्या वळणावर थांबतं,
जड होतं,
आणि आत न जाता खाली पडतं.
हे एवढं मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.
वायरींबद्दल नव्हे.

पॅनेल उत्तरेकडे. इथं ऊन तिकडून येतं,
येतं तेव्हा.

अँटेना तीन.
पहिली जाळीची, मोठ्या बेटाकडे,
जिथून इंटरनेट येतं आणि बिलं येतात.
दुसरी पलीकडे, एदुविना मावशीच्या शाळेच्या छपराकडे.
तिसरी...
तिसरीचं नंतर.

पहिल्या दोघींना शेजारी शेजारी बांधलं. चूक.
एक बोलायला लागली की दुसरीला काही ऐकू येईना,
धक्क्यावर दोघी मासेवाल्या एकदम भाव ओरडतात तसं.
नोल्बेर्तोनं एकीला दोन हात खाली आणलं,
दोघींना वेगवेगळे चॅनेल दिले,
म्हणाला, जवळ राहायचं तर अंतर मोजून ठेवावं,
आणि पाना शोधायला लागला,
जो त्याच्याच खिशात होता.

नेम धरायला म्हणून
मावशीनं शाळेच्या भिंतीवर लाल घोंगडी टांगलेली.
अकरा किलोमीटर. दुर्बिणीत एक टिंब,
सुई टोचल्यावर बोटावर येतं तेवढं.
दहा वाजता धुकं आलं.
घोंगडी गेली, शाळा गेली, बेट गेलं,
पाण्याला काठ उरला नाही.

मग आकड्यांवर भरवसा.
मी खांबाला मिठी मारून वर,
खालून तो फोनकडे बघत ओरडतोय:
उणे एक्क्याण्णव.
बोटभर डावीकडे. उणे अठ्ठ्याऐंशी.
मागे ये, मागे, उणे चौऱ्याण्णव!
इथे सगळं उण्यातच मोजायचं,
शून्यापर्यंत कुणी पोचत नाही,
फक्त थोडं कमी उणं व्हायचं.
आमच्या बेटाला हा हिशेब शिकवावा लागला नाही.
उणे एकोणसत्तर.
उणे चौसष्ट.
थांब, म्हणाला. श्वाससुद्धा नको. नट आवळ.

आणि त्या पांढऱ्या भिंतीतून, चेहरा दिसायच्या आधी,
मावशीचा आवाज:
घोंगडी काढू का रे? भिजतेय.

आता तिसरी.
तिसरी त्या खडकाकडे, जिथं एकटा बाल्दोमेरो राहतो,
अकरा मेंढ्या आणि एक गळकी होडी.
त्यानं स्वच्छ नको म्हणून सांगितलेलं.
मला कुणाशी बोलायचं नाही.
नको तर नको, नोल्बेर्तो म्हणाला,
एक छोटं यंत्र पिठाच्या पोत्यात गुंडाळून त्याच्या दाराशी ठेवून आला,
आणि तिसरी अँटेना तरीही चढवली.
आम्ही भांडलो त्यावरून. बॅटरी फुकट जाते, मी म्हणालो.
त्यानं उत्तर दिलं नाही. सिलिकॉन लावत राहिला.

महिन्यातून एकदा मी वर जातो, पॅनेल पुसायला.
पक्षी तिसरीवरच बसतात.
तीच तेवढी निवांत.

जूनमधल्या एका रात्री तिचा दिवा लागला.
उणे एकोणनव्वद.
चार मिनिटं.
कुणी काही बोललं नाही, काही मागितलं नाही,
मग विझला.

सकाळी मी पाना घेऊन वर गेलो
आणि तिला केसभर
त्याच्याकडे वळवलं.